साडूची लांब गाडी

साडूला लांबलचक, आलिशान गाडी घ्यायची होती, आणि ती रोजच्या वापराला चालेल की नाही हे मिस्त्रीने सांगायचं होतं. म्हणजे ज्याच्या पोटात दुखतंय त्यालाच वैद्य नेमला.

पोटदुखी जुनी होती. हा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बारा वर्षांपूर्वी मिस्त्रीच्याच गॅरेजमध्ये काम शिकायला आला होता. दहाचा पाना मागितला तर बाराचा आणून द्यायचा. दीड वर्षात कंटाळला आणि गाड्यांचे सुटे भाग विकायला लागला. आज शहरातली निम्मी गॅरेजं त्याच्याकडून माल उचलतात, त्यात मिस्त्रीचंही आलं. हात काळे मिस्त्रीचे आणि तोंड उजळ साडूचं. मिस्त्रीच्या दारात मात्र अजून तोच जुना डबा, जो तो स्वतः दुरुस्त करतो म्हणून चालतो. बायको त्यात बसायच्या आधी विचारते, "बसू की ढकलू?"

तरी गाडी पारखावी ती मिस्त्रीनेच, यात साडूचाही वाद नव्हता. त्याची पद्धतच वेगळी होती. कुणी गाडी आणली की तो म्हणायचा, "गाडी राहू दे, आधी रस्ता दाखव." मग पाण्यात कालवलेली खडूची भुकटी गाडीच्या पोटाला ब्रशने फासायची, गिऱ्हाइकाचं रोजचं बिऱ्हाड आत भरायचं, आणि त्याच्याच वेळेला, त्याच्याच रस्त्याने तीन दिवस फिरायचं. मग गाडी वर उचलली की खडू कुठे कुठे घासला गेलाय ते दिसतं. माणसं थापा मारतात, गाडीचं पोट मारत नाही. मिस्त्रीने नको म्हटलेली गाडी आजवर कुणी घेतली नव्हती. आयुष्यात कमावलं म्हणायचं ते एवढंच. बाकी सगळा आनंदच.

ही गाडी वापरलेली होती, पण एकाच मालकाची. काळीभोर. गॅरेजात घेतली तर शेपूट रस्त्यावर राहिलं. दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा आवाज. मिस्त्रीला ती पहिल्याच मिनिटात आवडली आणि त्याच मिनिटाला वाटलं, ही साडूला मिळता कामा नये. देवा, हिच्यात काहीतरी खोट निघू दे.

देवाने कधी नव्हे ते ऐकलं. गाडीत खोट नव्हती, पण साडूच्या रोजच्या रस्त्यात आणि तिच्यात उभा दावा होता. साडूच्या गल्लीच्या वळणावर ती एका दमात वळेना. दोनदा मागे, दोनदा पुढे, आणि तेवढ्या वेळात मागे दुचाक्यांची जत्रा. त्याच्या पोरीच्या शाळेपाशी ती थांबवली की अर्धं फाटक झाकलं जाई आणि बाकीच्या आया आत वाकून शिव्या देत. घरापासून दुकानापर्यंत चौदा गतिरोधक. चार माणसं बसली की त्यातले पाच पोटाला लागत. टायर दिसायला रुंद, पण बाजूची रबराची कड जेमतेम बोटभर. एक खोल खड्डा लागला की टायरला टेंगूळ आलंच. आणि सासूबाई साडूकडेच राहतात, त्यांना आठवड्यातून दोनदा गुडघ्याच्या व्यायामाला न्यावं लागतं. त्या या गाडीत बसत नसत, पडत. बाहेर काढायला दोघं लागत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रीने गाडी वर उचलली. मधोमध हातभर पट्ट्यात खडूचा मागमूस नव्हता. त्याच्या मनातलं आणि गाडीच्या पोटातलं पहिल्यांदाच एक निघालं होतं. तो बायकोला घेऊन शीळ घालत साडूच्या घरी गेला.

"नको घेऊस," तो म्हणाला.

कुणाला धक्का बसला नाही. तिथेच त्याने ओळखायला हवं होतं.

"मी म्हटलं नव्हतं?" धाकटी नवऱ्याकडे बघून हसली. "भाऊजी हेच म्हणणार."

"अगं, चौदातले पाच गतिरोधक..."

"हो भाऊजी, हो. पुढच्या वेळी तुमच्या डब्यालाच विचारून घेऊ."

साडू नुसताच हसत होता. समजूतदारपणे. ते हसू मिस्त्रीला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नसेल तर डोळे मिटावेत माणसाने. गाडीला कशाला नावं ठेवायची?"

"तुम्हालाच बाहेर काढायला दोघं लागली, सासूबाई!"

"लागेनात का. दोन दोन जावई आहेत की."

सगळे हसले. मिस्त्रीची बायकोसुद्धा. तीस वर्षांत त्याच्या शब्दावर कुणी हसलं नव्हतं. घरी आल्यावर त्याने पाणीही घेतलं नाही.

"मी खोटं बोललो का?" त्याने बायकोला विचारलं.

"मला गाडीतलं काय कळतंय? पण तुमचं तोंड खरं बोलणाऱ्याचं नव्हतं. कसे लाडू खाल्ल्यासारखे बोलत होतात." ती पदराने चष्मा पुसत म्हणाली, "जळता तुम्ही त्याच्यावर. सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाच वाटतं झाकलेलं आहे."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठीक आहे. शब्दावर विश्वास नाही ना? मग डोळ्यांनी बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो साडूच्या दारात हजर. गाडीच्या मालकाला साडूने त्याच संध्याकाळी हो किंवा नाही कळवायचं होतं.

"चल. आज तू चालव, मी मागे बसतो. पोरीला घे, सासूबाईंना घे. रोज करतोस तसं सगळं कर."

मिस्त्री मागे बसला आणि फसला. तीस वर्षं गाड्या पारखल्या त्या सगळ्या पुढे बसून. या गाडीतही तीन दिवस चाक त्याच्याच हातात होतं. मागे बसून कसं वाटतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. सीट पाठीला अशी धरून बसली, जणू वर्षानुवर्षं वाटच बघत होती. एक बटण दाबलं, खिडकीवर पडदा आला. दुसरं दाबलं, पाय लांब झाले. बाहेरचे भोंगे दुसऱ्याच्या घरातल्या भांडणासारखे लांब गेले. शेजारी सासूबाई पहिल्या वळणालाच घोरायला लागल्या. असं काही जगात असतं, आणि ते ह्याला मिळणार. बाराचा पाना आणून देणाऱ्याला!

मग त्याचं पुढे लक्ष गेलं.

साडूचा सदरा पाठीला चिकटला होता. एसी चालू असून. गल्लीच्या वळणावर तो तिसऱ्यांदा मागे घेत होता आणि एक दुधाच्या कॅनवाला खिडकीवर थापा मारत होता. "अहो साहेब, गाडी चालवताय की फर्निचर हलवताय?" शाळेच्या फाटकाशी एका बाईने त्याची अक्कल काढली, आणि पोर मान खाली घालून पळाली. पुढे गतिरोधकावर खालून खर्रर्र झालं. साडूने खांदे असे आकसले, जणू त्याचंच पोट घासलं.

"ही गाडी चालवणाऱ्यासाठी नाहीच," मिस्त्रीला लख्ख कळलं. "मागे बसणाऱ्यासाठी आहे." आणि हा कंजूष काही ड्रायव्हर ठेवायचा नाही. हा रोज असाच घामाघूम होणार. रोज. वर्षानुवर्षं. आणि वर म्हणणार, फार छान आहे.

मिस्त्रीच्या पोटात इतका गारवा पडला की त्याची त्यालाच लाज वाटली. पण गारवा लाजेहून मोठा होता.

दुकानापाशी साडू उतरला, कपाळ पुसलं, ओशाळं हसला. "थोडी सवय करावी लागेल, साडूभाऊ. काय म्हणता?"

"घे," मिस्त्री म्हणाला. "माझंच चुकलं. तुला शोभते."

दुपारपर्यंत गोष्ट घरोघर. धाकटीचा फोन आला, भाऊजींचं मन मोठं हो. सासूबाई बायकोला म्हणाल्या, थोरला जावई शेवटी थोरलाच. बायको जेवायच्या सुट्टीत गॅरेजवर आली. असं ती कधी येत नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "काल काहीबाही बोलले. तुमच्यासारखं कबूल करायला छाती लागते."

मिस्त्री हाताचं ग्रीस पुसत होता. फडका आणखी काळा झाला, हात तसेच. काल खरं बोलला तेव्हा ती हसली होती. आज खोटं बोलला तर छाती मोजतेय! चार दिवसांनी तो साडू गाडीखाली वाकून बघेल, मग म्हणेल, मिस्त्रीनेच घे म्हटलं होतं. आणि ते खरं असेल.

"छाती-बिती काही नाही," तो ओरडला. "ती गाडी त्याच्या कामाची नाही. सकाळी घामाघूम झालेला बघितला आणि मला बरं वाटलं, म्हणून घे म्हटलं. बस, ऐकलंस?"

बायकोने ना कपाळाला हात लावला ना डोळ्याला पदर. पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या काळ्या हातात दिला.

"हे त्यालाच सांगा."

"अगं, आत्ता..."

"संध्याकाळी कळवायचंय त्याला."

तिकडून आवाज आला, "बोला ताई!"

"मी आहे," मिस्त्री म्हणाला. "सकाळी मी खोटं बोललो. गाडी घेऊ नकोस. काल सांगितलं ते खरं होतं."

"मग सकाळी घे का म्हणालात?"

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. ती टायरच्या ढिगावर बसून होती, जागची हलत नव्हती.

"तुझे हाल व्हावेत म्हणून. जळतो मी तुझ्यावर. झालं समाधान?"

तिकडे कुणीतरी खोकं ओढत होतं.

"जळता ते माहीतच आहे हो," साडू म्हणाला. "त्यात नवीन काय? मला वाटलं, काल जळून जरा वाढवून बोललात. पण गाडीबद्दल धडधडीत खोटं बोलाल असं नव्हतं वाटलं. ते आज सकाळी पहिल्यांदा बोललात." मग त्याने स्वतःच विचारलं, "पाच गतिरोधक लागतात ना?"

"पाच. सासूबाई आणि पोरीचा जेवणाचा डबा धरला तर सहा."

"टायर?"

"एक खड्डा, एक टायर."

"हं. मलाही भीतीच वाटत होती चालवताना. घरात कुणाला सांगणार?" साडूने सुस्कारा सोडला. "मग कुठली घेऊ? तुम्हीच सांगा."

मिस्त्रीला ठाऊक होती कुठली. उंच, आखूड, गल्लीत एका दमात वळणारी, सासूबाई सरळ उभ्या उभ्या बसतील अशी. गेल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक विकायची म्हणत होतं. डाग नाही, आवाज नाही. मिस्त्रीने स्वतःसाठीच मनात धरून ठेवली होती, घेणं होणार नव्हतं तरी.

"आहे एक," तो दात आवळून म्हणाला. "उद्या सकाळी खडू लावतो तिला."