खुणेचा लाल दोरा

शिंपीणबाईंच्या खोलीत त्या दिवसांत गिऱ्हाइकाला उभं राहायलाही जागा नव्हती. मशीनच्या उजव्या हाताला, जिथे एरवी माप द्यायला माणसं उभी राहत, तिथे एक भलंमोठं खोकं ठेवलं होतं आणि त्यात सात पिल्लं होती. कुणी गणवेश कधी मिळतील म्हणून विचारायला आलं, की बाई आधी त्याला हळू बोलायला सांगत, मग खोक्यात डोकवायला लावत, आणि गणवेशांचं दोघंही विसरून जात.

पिल्लं अंडी उबवायच्या यंत्रातून आली होती. त्यांनी कोंबडी पाहिलेली नव्हती. बाईंनी मग त्यांना आई शिवून दिली. एका ठेंगण्या स्टुलाला खालून जुन्या गोधडीच्या पट्ट्या झालरीसारख्या लावल्या आणि मधोमध गरम पाण्याची पिशवी बांधली. पिल्लं घटकाभर इकडेतिकडे चिवचिवली आणि एकेक करून त्या झालरीत अशी शिरली, जणू जन्मापासून तिथेच राहत होती. बाहेर नुसत्या चोची दिसत होत्या.

बाई खोक्याशी गुडघे टेकून पाहतच राहिल्या. त्यांनी नखाने खोक्याच्या तळाला टकटक केलं, तर सातही पिल्लं धावत आली आणि नेमकी तिथेच टोचायला लागली. कोंबडी पिल्लांना दाणा दाखवताना चोचीने अशीच टकटक करते. पण हे यांना कुणी सांगितलं? बाईंना साधं काज शिकायला अख्खा हिवाळा लागला होता, तोही आईच्या टपल्या खात. आणि इथे कालच कवचातून बाहेर पडलेला, मुठीत मावणारा जीव सगळं शिकूनच आला होता.  मशीनवर अर्धी शिवलेली बाही तशीच लोंबत होती.

सातांत एक मात्र मरतुकडं होतं. बाकीची त्याला तुडवून दाण्याकडे जायची, आणि त्याच्या शेपटीखाली सारखी घाण चिकटून सुकायची. बाई कोमट पाण्यात कापूस भिजवून ती हलक्या हाताने पुसून काढत. सगळी पिल्लं एकाच रंगाची, त्यामुळे दर वेळी हे शोधण्यात वेळ जाई. मग त्यांनी आपल्या धंद्यातली युक्ती केली. कुणाचे कपडे कुणाकडे जाऊ नयेत म्हणून त्या आतल्या शिवणीला दोऱ्याची खूण करत, तशीच त्यांनी मरतुकड्याच्या पायात लाल दोरा बांधला. तो सैल ठेवला होता, आणि पाय जाड होईल तसा त्या तो सोडून पुन्हा बांधत. घरात शिरलेलं कुणीही आता आधी तो लाल दोरा शोधायचं.

बाईंचे यजमान बस चालवत. गेल्या वर्षी त्यांनी हौसेने तीन पिल्लं आणली होती, मांडीवर घेऊन वाढवली होती, आणि थोडी मोठी झाल्यावर सरळ अंगणातल्या कोंबड्यांत सोडून ते कामावर गेले होते. परत आले तेव्हा म्होरक्या कोंबडीने तिन्ही टोचून मारलेली होती. लिंबाखाली खड्डा खणून त्यांनीच त्यांना पुरलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणून या वेळी खोकं घरात आलं तेव्हा त्यांनी बाईंना समोर बसवून सांगितलं.

"या वेळी तिने एकाला जरी मारलं, तर अंगणात एकही कोंबडी ठेवायची नाही. माझ्याने परत खड्डा खणवणार नाही."

'तिने' म्हणजे हवालदारणीने. अंगणातल्या आठ कोंबड्यांची ती म्होरकी. खाण्याच्या भांड्याशी आधी कोण आणि मग कोण, हे तीच ठरवायची. एक कोंबडाही होता, देखणा, पण तोसुद्धा तिचं खाऊन झाल्याशिवाय पुढे येत नसे. आणि बाईंचा जीव नेमका तिच्यावरच. त्या ओट्यावर हातशिलाईला बसल्या की हवालदारीण पायाशी येऊन मान तिरकी करून बसायची. घरात कुणाशी बोलता येत नाही असं बरंच काही बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं.

या वेळी बाईंनी घाई केली नाही. पिल्लांना नीट पिसं आली तेव्हा त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात जाळी ठोकली. पिल्लं आत, कोंबड्या बाहेर. एकमेकांना पाहायचं, पण अंगाला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी आठही कोंबड्या मोर्चा आल्यासारख्या जाळीपुढे उभ्या राहिल्या. हळूहळू त्यांचं कुतूहल संपलं आणि जाळीच्या दोन्ही अंगांना दाणे टिपणं शेजारीशेजारी सुरू झालं. हवालदारीण तेवढी रोज येऊन जाळीला डोळा लावून बघायची. बाईंना वाटलं, ओळख करून घेतेय.

एका सकाळी त्यांनी यजमानांसमोर जाळीचं दार उघडलं. पिल्लं बाहेर आली, पांगली. हवालदारीण बाकीच्या सहांकडे ढुंकूनही न बघता सरळ मरतुकड्यावर गेली. तिने त्याला पाडलं आणि पायावर चोच मारली, पुन्हा मारली. बाई धावल्या. त्यांनी पिल्लू उचललं तेव्हा त्यांच्या हाताला रक्त लागलं होतं.

यजमान आत गेले, टोपली आणली आणि हवालदारणीला तिच्याखाली कोंडलं. येत्या सुट्टीला तिला खाटकाकडे नेतो म्हणाले, आणि बाकीच्याही कुणाला हव्या तर देऊन टाकू. बाईंना भांडायचं होतं. पण हातात पिल्लाचं काळीज धडधडत होतं आणि टोपलीखाली हवालदारीण ओरडत होती. दोघांचीही बाजू एकदम कशी घेणार?

दुपारी त्यांनी तिला टोपलीखालून काढलं. म्हटलं, जायचंच आहे तर चार दिवस पायाशी तरी बसू दे. खोक्यातल्या मरतुकड्याच्या पायाला औषध लावलं होतं. ते तिथे एकटंच होतं, बाकीची परत जाळीत. बाई ओट्यावर बसून गणवेशांवर खुणा घालत होत्या. दाताने दोरा तोडला, तसा बोटभर लाल तुकडा खाली पडला. हवालदारणीने मान तिरकी केली, झडप घातली आणि तो तुकडा गांडुळासारखा गिळून टाकला.

बाईंची सुई हवेतच थांबली.

म्हणजे तिचा त्या पिल्लावर राग नव्हताच. त्याच्या पायात काहीतरी लाल वळवळताना तिला रोज जाळीतून दिसत होतं, आणि दार उघडताच ती ते घ्यायला गेली होती. ते तिथे कुणी बांधलं होतं? बाई तशाच उठल्या आणि त्यांनी कात्रीने मरतुकड्याच्या पायातला दोरा कापून टाकला. ज्याला जिवापाड जपायचं, त्यालाच आपण निवडून तिच्या चोचीपुढे धरलं होतं. त्या खोक्याशी बसून रडल्या, आणि गिऱ्हाईक आलं तरी उठल्या नाहीत.

यजमानांना त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. एवढ्याशा दोऱ्यावर सगळं ढकलतेस, असं ते म्हणाले. पण बाईंचा चेहरा बघून जखम भरेपर्यंत थांबायला तयार झाले.

जखम भरली, खपली गळली. मरतुकडं आपल्या भावंडांत परत गेलं, आणि काही दिवसांनी यजमानांच्या सुट्टीच्या दिवशी दार पुन्हा उघडलं. टोपली त्यांनी भिंतीशी तयार ठेवली होती. 

हवालदारीण आली. एकाला टोचलं, दुसऱ्याला टोचलं, तिसऱ्याला भांड्यापासून हुसकलं. शाळेत नव्या मुलांना जागा दाखवावी, तेवढंच. यजमान टोपलीकडे बघत होते. तेवढ्यात कोंबड्याच्या घशातून एक बारीक, लांबलेला आवाज निघाला. असा आवाज पिल्लांनी जन्मात ऐकलेला नव्हता.

आणि सातही पिल्लं दगडासारखी झाली. कुणी झुडपाखाली सरकलं, कुणी होतं तिथेच जमिनीला चिकटलं. चिवचिव थांबली. बाईंनी वर पाहिलं तर छपराच्या वरून घार खाली येत होती. यंत्रातून निघालेल्या, चिंध्यांच्या आईखाली वाढलेल्या त्या पोरांना आभाळातून मरण येतं हे कोण सांगून गेलं होतं? बाईंना वाटलं, आपल्या समोर काहीतरी फार जुनं उभं आहे, माणसांच्याही आधीचं, आणि आपल्याला ते बघू दिलं जातंय.

एक पिल्लू मात्र अंगणाच्या मधोमध उघड्यावर राहिलं होतं. बाई पाऊल उचलणार, तोच ते उठलं आणि जवळच्या हवालदारणीच्या पोटाखाली घुसलं. हवालदारीण हलली नाही. तिने दोन्ही पंख जमिनीपर्यंत पसरले, मान ताठ केली आणि घारीकडे एका डोळ्याने बघत घशातून घर्रघर्र करत राहिली. घारीची सावली तिच्या पाठीवरून गेली, भिंतीवर चढली आणि पलीकडे निघून गेली.

अंगणात कितीतरी वेळ कुणीच हललं नाही, माणसंही नाहीत. मग कोंबड्याने पिसं झाडली. हवालदारणीने पंख मिटले, पिल्लाला चोचीने बाहेर ढकललं, आणि ते धावत जाऊन भावंडांत मिसळलं. सातही पुन्हा माती उकरायला लागली.

यजमानांनी टोपली उचलली, हवालदारणीकडे पाहिलं आणि टोपली उलटी करून ते तिच्यावरच बसले. 

"काय गं," ते हळूच म्हणाले, "तिच्याखाली गेलं ते तुझं मरतुकडं होतं का?"

बाईंनी निरखून पाहिलं. एकाचा पाय पाहिला, दुसऱ्याची चाल पाहिली, सगळ्यांत लहान कोण ते शोधलं. सगळी सारखीच दिसत होती, सगळी सारखीच धिटाईने उकरत होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्यातलं मरतुकडं कोणतं, तेच आता ओळखू येत नाही."