चौथ्या घराचं मत

मी एक जुनी फिरती मतपेटी आहे. मित्रांनो, शाळेत ठेवलेली मोठी पेटी वेगळी. ती एका जागी बसून राहते आणि लोक तिच्याकडे येतात. मी लोकांकडे जाते. ज्यांना उठवत नाही, ज्यांचं हाड मोडलं आहे, त्यांच्या खाटेपाशी. मला खांद्यावर अडकवायचा पट्टा आहे, आणि मतदान समितीची दोन माणसं बरोबर असल्याशिवाय मी कुणाचाही उंबरठा ओलांडत नाही.

त्या संध्याकाळी साडेसहा वाजले होते आणि माझ्या पोटात तीनच मतं…

नाही. आधी जन्म सांगायला हवा.

जन्म १९९०. गाव फ्यूझेश, देश हंगेरी. स्लोव्हाकियाची सीमा इथून तीन किलोमीटर. गावच्या सुतारानं शाळेच्या मोडक्या बाकांच्या फळ्यांतून मला घडवलं. माझ्या आतल्या एका फळीवर कुणीतरी केलेली वजाबाकी आहे. चुकलेली. एकाच पक्षाचं राज्य संपून त्या वर्षी गावाला खरोखरची निवड पहिल्यांदाच करायची होती. म्हातारी माणसं कागद टाकायची आणि फटीला कान लावायची. पडला का? पडला. मग कुठे त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

पुढे गावाला एक मोठा प्रश्न विचारला गेला. आपला देश युरोपच्या संघात जावा की नाही? गाव ‘हो’ म्हणालं. दुसऱ्या वर्षी सगळ्या देशांच्या मिळून एका संसदेसाठी मतदान झालं. मी अकरा घरं फिरले. सरपंचांनी स्वतःच्या रुमालानं मला पुसलं. मित्रांनो, माझं कौतुक झालं ते एवढंच, पण मला ते अजून पुरतं.

त्यानंतर कपाट. नाताळचे तारे आणि पृथ्वीचा एक फुटका गोल, यांच्या शेजारी. पाच वर्षांनी त्याच संसदेसाठी बाहेर काढलं तेव्हा सात घरं. मग पाच. “ती लांबची संसद, आपल्याला काय तिचं?” असं लोक म्हणत. मला धास्ती वाटू लागली. पेटीला उपाशी राहण्याची भीती वाटते, हे कुणाला ठाऊक नसतं.

दरम्यान सीमेवरची चौकी उठली. पलीकडे ब्रातिस्लाव्हा शहर, तिथली घरं महाग. तिथली माणसं आमच्या गावात घरं घेऊन राहू लागली. आज दर दुसऱ्या फाटकावर स्लोव्हाक नाव आहे. मुलं एकत्र खेळतात. मोठी माणसं नुसती ओळखीची मान हलवतात, पण थांबत नाहीत.

आता तो जूनचा दिवस, त्याच संसदेच्या मतदानाचा.

दुपारचे तीन

यादीत चार घरं. मला खांद्यावर घेणारे देझो बाची, वय सत्तर, पूर्वी ट्रॅक्टर चालवायचे. यादी सांभाळणाऱ्या पिरोष्का नेनी, निवृत्त टपालवाल्या. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला बाची म्हणतात आणि बाईला नेनी. निघताना समितीच्या अध्यक्षांनी बजावलं, “सातच्या आत पेटी इथे हवी. उशीर झाला तर तिच्यातलं एकही मत मी धरणार नाही.”

पहिल्याच वळणावर बोझेनाबाईंचं घर. त्या स्लोव्हाक, एकट्या, खुब्याचं हाड मोडून पडलेल्या. त्या खिडकीत दिसल्या. अंगात ठेवणीतला पांढरा ब्लाउज. त्यांनी हात वर केला.

देझो बाची थांबले नाहीत.

“अहो, हे घर आहे यादीत,” पिरोष्का नेनी म्हणाल्या.

“असू दे की. आधी आपली माणसं. ही पलीकडची कुठे पळून जातेय? हाड मोडलंय तिचं.”

“देझो!”

“येताना घेऊ गं.”

पिरोष्का नेनींनी यादीकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. आणि चालू लागल्या. मी पट्ट्याला लटकून मागे पाहत होते. तो हात अजून वरच होता.

मला एक गोष्ट माहीत होती, ती तुम्हालाही सांगते. संघातल्या दुसऱ्या देशात राहणाऱ्या माणसाला या संसदेसाठी तिथेच मत देता येतं. पण मग त्याच्या मायदेशाच्या यादीतून नाव निघतं. एका माणसाला एकच मत. बोझेनाबाईंनी इथलं मागितलं होतं, म्हणजे तिथलं सोडलं होतं. मी वेळेत गेले नाही, तर त्या दोन्हीकडे नव्हत्या.

सव्वातीन ते सहा वीस

आमच्या गावात दाराशी आलेल्या माणसाला खाऊपिऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत, आणि तो नाही म्हणाला तर त्या घराचा अपमान. पहिल्या घरी पोगाचा, म्हणजे खुसखुशीत खारे गोळे, आणि जर्दाळूची दारू. दुसऱ्या घरी तेच, वर सासऱ्यांच्या मुतखड्याची गोष्ट. तिसऱ्या घरी…

घड्याळात पाच वाजून गेले होते.

तिसऱ्या घरी आलुबुखारची दारू, मग चेरीची, तुलना करून पाहण्यासाठी. मत द्यायला प्रत्येक घरी दोन मिनिटं लागली. पिरोष्का नेनी तीनदा उठल्या आणि तीनदा बसल्या. मी टेबलावर, बशांच्या मधे. पोटात तीन कागद. तेवढेच, आणि तरीही मी कधी नव्हते इतकी जड झाले होते.

साडेसहा

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात खिडकीपाशी खाट. टेबलावर स्वच्छ कापड, तीन पेले आणि पोगाचांची रास. काही जळलेल्या, काही वाकड्या. कुबड्या बगलेत धरून कणीक मळली तर आणखी कशा होणार?

“तीन वाजता तुम्ही इथून गेलात,” बोझेनाबाई मोडक्या हंगेरियनमध्ये म्हणाल्या. “मला वाटलं, पेटी घरी पाठवा म्हणून दिलेली माझी चिठ्ठी हरवली.”

देझो बाचींनी मला टेबलावर ठेवलं.

“बसा. खा.”

“आधी मत द्या हो,” पिरोष्का नेनींनी घाईनं कागद पुढे केला. “शाळेपर्यंत बारा मिनिटं लागतात.”

“आधी खायचं. इथली रीत आहे. शेजारणीनं शिकवली मला.”

“आज वेळ नाही, बाई,” देझो बाची म्हणाले.

बोझेनाबाईंनी त्यांचे लाल झालेले गाल पाहिले. मिशीला लागलेला चुरा पाहिला.

“त्या तीन घरी होता.”

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पेन चादरीवर तसंच पडून राहिलं.

सहा छत्तीस. सहा सदतीस. मित्रांनो, लाकडाला घाम येत नाही म्हणतात.

“चूक माझी आहे,” पिरोष्का नेनी हळूच म्हणाल्या. “यादी माझ्या हातात होती. मी थांबायला हवं होतं.”

भिंतीकडचं तोंड हललं नाही.

मग देझो बाचींनी एक जळकी पोगाचा उचलली आणि अख्खी तोंडात कोंबली. दुसरी कोंबली. दोन्ही खिशांत दोन दोन घातल्या. भरल्या तोंडानं पेला उचलून एका घोटात रिकामा केला, आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले.

“झालं?” ते कसेबसे म्हणाले. “मीठ कमी आहे. आता द्या बघू मत, बोझेना नेनी.”

“मीठ बरोबर आहे,” त्या भिंतीला म्हणाल्या. मग वळल्या. “तुमचीच जीभ बधिर झालीय पिऊन पिऊन.”

त्यांनी पेन उचललं. दोघांनी पाठ फिरवली. कागद घडी होऊन माझ्यात पडला. चौथा.

सहा पंचेचाळीस ते सहा सत्तावन्न

देझो बाची धावले. सत्तर वर्षांचा माणूस, पोटात चार घरची दारू, खांद्यावर मी. वाटेत दोनदा थांबून त्यांनी छाती धरली, आणि मला कळेना आपण कुणासाठी घाबरावं. “पुढे चला,” मागून पिरोष्का नेनी ओरडत होत्या, “मी येतेय, पुढे चला!”

सातला तीन मिनिटं होती.

मोजणी

देझो बाचींचा श्वास परत आला तसा त्यांचा स्वभावही आला. “फिरत्या पेटीतली वेगळी मोजू या. चारच आहेत. बघू तरी नेनीनं कुणाला दिलं.”

म्हणजे बोझेनाबाईंचं मत उघडं पडणार. चार कागदांत एक कागद लपत नाही.

“वेगळी नाही,” पिरोष्का नेनी म्हणाल्या. या वेळी त्यांनी त्यांचं ऐकलं नाही. माझं कुलूप काढून त्यांनी मला मोठ्या पेटीच्या ढिगावर उपडं केलं आणि कणीक कालवावी तसा सगळा ढीग दोन्ही हातांनी कालवला. मी तो कागद पोटात घेऊन आले होते. पण त्या ढिगात मलाही तो ओळखता येईना. सगळे सारखेच पांढरे.

आता मी पुन्हा कपाटात आहे. पुढच्या वेळी किती घरं असतील, कोण कुणाच्या यादीत असेल, ही संसद लोकांना आपली वाटेल की नाही, मला ठाऊक नाही. काळजी वाटते. मला रंग देऊ नका, रुमालानंही पुसू नका. फक्त यादीतल्या घरासमोरून मला नुसतीच पुढे नेऊ नका. आत कुणीतरी ठेवणीतले कपडे घालून बसलेलं असतं. थांबा, मित्रांनो. दार वाजवा.