शेजारणीचा प्रवेश

"पण सर, यात घाबरायचं कुठे?" चंचलनं विचारलं, आणि बोरसे सरांच्या हातातला खडू फळ्यापाशी तसाच राहिला.

आठवीचा वर्ग. बाकं भिंतीला लावून मधली जागा मोकळी केलेली, आणि गॅदरिंगच्या नाटकाची पहिली तालीम चाललेली. नाटक सरांचंच, 'डोळा' नावाचं. पंच्याण्णव साली, नोकरीला लागून दोन-तीन वर्षंच झाली असताना, त्यांनी ते एका बैठकीत लिहून काढलं होतं. तीस वर्षांनंतर सुरत कशी असेल, तर अशी असेल, असं त्यात होतं. तेव्हा अंगात रग होती, आणि जेवढं म्हणून भयंकर सुचलं तेवढं त्यांनी बिनदिक्कत घातलं होतं. चौकाचौकात खांबावर डोळा. माणसाच्या खिशात एक डबी, ती तो कुठे आहे ते वर कळवणार. घरात दुसरी डबी, ती सगळं ऐकणार आणि बाईच्या आवाजात उत्तरं देणार. कामावर शिरताना यंत्राला तोंड दाखवायचं, यंत्रानं ओळखलं तरच दार उघडणार. आणि प्रत्येकाला बाकीचे लोक गुण देणार. गुण घसरले की काम बंद.

त्या वर्षी प्रयोगात दुसरीतली एक मुलगी भोकाड पसरून रडली होती. तेव्हाच्या हेडमास्तरांनी सरांना ऑफिसात बोलावून झापलं होतं, "अहो बोरसे, काय हे भलतंसलतं! पोरं झोपेत दचकतील." त्या झापण्याचा सरांना आजतागायत अभिमान होता.

येत्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. म्हणून शेवटच्या गॅदरिंगला हेच नाटक, असा त्यांनी हट्टच धरला. पण हट्टाचं खरं कारण वेगळं होतं. नाटकाच्या शेवटी एक शेजारीण येते, आणि ती शेजारीण म्हणजे डिट्टो सरांच्या जुन्या चाळीतल्या उषाबाई. पंच्याण्णवच्या प्रयोगाला उषाबाई येऊ शकल्या नव्हत्या, त्यांच्या लहानग्या दीपकला गोवर निघाला होता. नंतर सांगू, मग सांगू म्हणता म्हणता तीस वर्षं गेली. आता बाईंची सत्तरी उलटली होती. त्यांनी केलेली गोष्ट त्यांना एकदा स्टेजवर दाखवायची, पहिल्या रांगेत बसवून दाखवायची, एवढंच सरांना हवं होतं.

"घाबरायचं कुठे म्हणजे?" सर चंचलकडे वळले. "अगं, तुझ्या खिशात डबी आहे. तू कुठे जातेस, कोणाशी बोलतेस, सगळं कळतंय तिला!"

"सर, तो तर मोबाईल आहे," शुभम म्हणाला. नाटकातला नायक तोच होता.

"मम्मी माझं लोकेशन बघते ना रोज. ट्यूशनला पोचली का नाही ते," चंचल म्हणाली.

"आणि ते यंत्राला तोंड दाखवायचं?"

"माझे पप्पा मिलमध्ये रोज दाखवतात. मास्क काढायचा, मान सरळ, टिंग करून हजेरी लागते."

"बरं, गुणांचं काय? लोकांनी गुण कमी दिले की माणसाचं कामच बंद!" सरांनी शेवटचा पत्ता टाकला.

शुभमनं खांदे उडवले. "सर, माझा भाऊ पार्सल डिलिव्हरी करतो. त्याचं चार पॉइंट दोन आहे. त्याच्या खाली गेलं की आयडी बंद. त्यात काय?"

अख्ख्या वर्गानं माना डोलावल्या. चेष्टा नव्हती, उद्धटपणा नव्हता. आपले सर आपल्यालाच ठाऊक असलेली गोष्ट इतक्या कौतुकानं का सांगतायत, एवढंच त्यांना कळत नव्हतं. बोरसे सर मटकन खुर्चीत बसले. ते काही आंधळे नव्हते. मोबाईल त्यांच्याही खिशात होता, वर्गाच्या कोपऱ्यातला कॅमेरा त्यांनाही रोज दिसत होता. पण एकेक करून आलेलं हे सगळं त्यांनी आपल्या नाटकाशेजारी ठेवून कधी बघितलंच नव्हतं. आज पोरांनी ते ओळीनं मांडून दाखवलं. बापरे, आपण लोकांना भीती दाखवायला लिहिलं होतं, आणि हे तर सगळं झालं की! फक्त एक अंदाज चुकला होता. नाटकात त्यांनी एक दंडुकेवाला शिपाई घातला होता. तो घरोघर फिरून लोकांच्या खिशात जबरदस्तीनं डबी कोंबायचा. त्या दंडुकेवाल्याची गरजच पडली नव्हती. लोकांनी हौसेनं, दिवाळीच्या सेलमध्ये, रांगा लावून डब्या घेतल्या होत्या. सरांनी स्वतःसुद्धा.

"आणि सर, एक सांगू?" चंचल पानं चाळत म्हणाली. तिच्याकडे शेजारणीचं काम होतं. "बाकी सगळं रियल आहे. पण माझा सीन आहे ना, तो फेकंफाक वाटतो."

"कसला फेकंफाक?"

"हा शुभम डबी तापीत फेकून देतो. त्याला पकडायला येतात. मी त्याला घरात लपवते आणि बाहेर येऊन सांगते, इथं कोणी नाही. सर, कोण असं करेल? तो माझा भाऊ नाही, काही नाही. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकेल ना ती! 'सावधान, हा माणूस आपल्या बिल्डिंगमध्ये आहे.' माझी मम्मी तर टाकेलच."

सगळी पोरं हसली. सर हसले नाहीत. अहो, त्या सबंध नाटकात सरांनी डोक्यातून काढलेलं नव्हतं असं एकच पान होतं. तेवढं एकच खरं घडलेलं होतं, आणि पोरांना नेमकं तेच खोटं वाटत होतं!

चौऱ्याण्णवचा सप्टेंबर. गणपती नुकतेच गेले होते आणि सुरतेत प्लेग आला. चार दिवसांत शहर रिकामं झालं. लिंबायतच्या चाळीतले लोक भुसावळकडच्या गाडीला लोंबकळत खानदेशात निघून गेले. श्रीकांतच्या, म्हणजे बोरसे सरांच्या, खोलीतले दोघे सोबतीही पळाले, कारण श्रीकांतला ताप भरला होता. शेजारच्या खोलीत उषाबाई, त्यांचा लूमवर काम करणारा नवरा बन्सीलाल आणि तीन वर्षांचा दीपक. बन्सीलालनं बोचकं बांधलं. उषाबाईंनी पोराला त्याच्या कडेवर दिलं आणि म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे. स्वतः मागे राहिल्या. तापवाल्यांना उचलून नेणारी, तोंडाला रुमाल बांधलेली माणसं दारोदार विचारत आली, कोणाच्या घरात ताप आहे? उषाबाईंनी श्रीकांतच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं, उंबऱ्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या, आणि मान वर न करता म्हणाल्या, तो मास्तर गावाला गेला. आतून श्रीकांत सगळं ऐकत होता. खोकला दाबायला त्यानं तोंडात उशीचं टोक कोंबलं होतं. पाच दिवस ती बाई त्याला पेज पाजत होती. ताप मलेरियाचा निघाला.

सरांनी पोरांना हे सगळं सांगितलं. नाव तेवढं सांगितलं नाही.

मग चंचलनंच विचारलं, "पण सर, खरंच प्लेग असता तर?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता. "मग ती मेली असती," ते शेवटी म्हणाले. "तिलाही ते माहीत होतं. तरी बसली."

मुख्याध्यापिका वैशालीबाईंनी तालीम पाहिली, त्यांनाही चंचलचंच पटलं. "सर, शेजारीण ग्रुपवर फोटो टाकते असा शेवट करा ना. लोक हसतील, गोड होईल."

"मॅडम, बाकी काय हवं ते बदला. शेजारणीला हात लावायचा नाही." सरांचा आवाज चढला. वैशालीबाईंनी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. निवृत्तीला आलेला माणूस म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

गॅदरिंग रविवारी सकाळी झालं. उषाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नाटक सुरू झालं आणि लोक हसायला लागले. डोळ्याला हसले, डबीला हसले, यंत्राला तोंड दाखवणाऱ्या पोराला तर टाळ्याच पडल्या. आपल्याच घरातलं विनोदी नाटक चाललंय असं पालकांना वाटत होतं. निम्मे तर स्टेजकडे बघतच नव्हते. हात वर करून मोबाईलमध्ये बघत होते. सर विंगेत घामाघूम होऊन उभे होते. तीस वर्षांपूर्वी याच वाक्यांना पोर रडली होती हो!

शेजारणीचा प्रवेश आला. चंचल दारात उभी राहिली, पदर खोचला, आणि शिपायाच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली, "इथं कोणी नाही." इतकं सरळ, इतकं थंड, की सरांच्या अंगावर काटा आला. मागून कोणीतरी ओरडलं, "खोटं बोलते रे!" आणि पुन्हा हशा पिकला. सरांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. उषाबाई पण हसत होत्या, तोंडाला पदर लावून.

कार्यक्रम संपल्यावर सर त्यांना रिक्षातून घरी सोडायला निघाले. पर्वत पाटियाच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा त्यांनी विचारलं, "मावशी, कसं वाटलं?"

"पोरगी गोड बोलनी रे भाऊ." उषाबाई घरात आणि सरांशी अहिराणीच बोलत. "पन ती बाई काय मले खरी वाटनी नही. आसं कोन्ही करस का?"

सरांना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पोरांनी म्हटलं ते ठीक, मॅडमनी म्हटलं तेही ठीक. पण ज्या बाईनं केलं तिनंच म्हणावं, असं कोणी करतं का?

"मावशी," ते म्हणाले, "ती बाई तुम्ही आहात. प्लेगच्या वेळी तुम्हीच केलं होतं हे. माझ्या दाराला कुलूप लावून तुम्ही बाहेर बसला होतात. त्यावरच लिहिलंय मी."

उषाबाई चक्रावून त्यांच्याकडे बघत राहिल्या. रिक्षा सुटली, दोन चौक मागे गेले. "ते व्हय?" त्या म्हणाल्या. "तुले ताप व्हता. एकला पोर. मी बसनू. त्यामा काय शे? त्यावर कोन्ही नाटक करस का, येड्या!" पण त्यांचे डोळे भरले होते. मग एकदम सरांच्या मनगटावर हात ठेवून, काही गुन्हा कबूल करावा तशा हळू आवाजात म्हणाल्या, "आते नही जमत रे भाऊ. तुले आते ताप उना, तर कोठे ठेवू मी?"

"म्हणजे? का नाही जमत?"

"चाल. दखाडस तुले."

दीपकचा फ्लॅट डिंडोलीत, दुसऱ्या मजल्यावर. तो आणि सूनबाई दोघं कामाला जातात, रविवारचीही सुट्टी नसते. मागच्या वर्षी उषाबाई जिन्यात पडल्या आणि दोन तास कोणाला कळलं नाही, तेव्हापासून त्यानं सोय केली होती. काळजीनंच केली होती, त्यात त्या पोराचा काडीचा दोष नाही. दोघं दारासमोर आले तसा चौकटीवर एक निळा दिवा लागला. त्याखाली बटणाएवढी काळी काच होती.

"आई, आलीस का? कोण आहे बरोबर?" काचेतून कामावरच्या दीपकचा आवाज आला.

उषाबाईंनी सरांकडे बघून डोळा मिचकावला. सत्तरीतल्या बाईच्या तोंडावर एकदम अशी काही चमक आली की सरांना लिंबायतची चाळ आठवली. मग त्यांनी तोंड वर केलं आणि ठणकावून सांगितलं, "कोन्ही नही रे. दूधवाला शे."

मग दीपक खळखळून हसला. "अगं आई, दुपारी अडीचला कुठला दूधवाला? मला दिसतायत ना इथं. बोरसे सर आहेत ते. नमस्कार सर! बसा हां, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

बोरसे सरांनी काचेपुढे दोन्ही हात जोडले. "नमस्कार, दीपक," ते म्हणाले.

हात खाली घेतले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, उषाबाई किल्ली हातात तशीच धरून त्यांच्या आणि काचेच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी रुंद धरून. त्यांचं डोकं सरांच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हतं.