दुर्बल पंचवीस टक्के

चौथीच्या वर्गात मुलं चारच. एकाला शिंक आली की पाव वर्ग शिंकतो, अशी बाईंची नेहमीची थट्टा. पण यंदा ठकी गणितात नापास झाली आणि ती थट्टा बाईंच्याच अंगाशी आली. शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं: ‘चौथीचे पंचवीस टक्के विद्यार्थी गणितात दुर्बल आहेत. सोमवारी फेरतपासणी होईल. सुधारणा नसल्यास वर्ग मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत हलवण्यात येईल.’

तो रस्ता मोठी माणसंसुद्धा जीव मुठीत धरून ओलांडत.

ठकी इस्त्रीवाल्याची लेक. डोकं तल्लख, पण टक्केवारी दिसली की पेन्सिल तोंडात. बाईंनी तिच्यापुढे ते पत्रच ठेवलं, आणि शेजारी शंभर खडू.

"चौघांत वाट."

ठकीनं पत्ते वाटावेत तसे खडू वाटले. "पंचवीस-पंचवीस आले." मग पत्राकडे बघत म्हणाली, "म्हणजे हे सगळे पंचवीस टक्के मी एकटीच?"

"एकटीच."

"मला वाटलं, पुष्कळजण असतील."

सोमवारी साहेब आले. मागोमाग भला थोरला गठ्ठा घेऊन शिपाई. कार्यालयात कुणीतरी ‘टक्के’ गाळून नुसतं ‘पंचवीस’ वाचलं होतं आणि सरावाच्या तेवढ्या वह्या पाठवल्या होत्या. साहेबांनी घाम पुसत वर्गावर नजर फिरवली. तीन डोकी.

"दुर्बल मुलं कुठायत?"

"पाणी प्यायला गेलीयत," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात हनुवटी पुसत ठकी आली.

"बाकीची?"

"एवढीच, साहेब."

साहेबांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. शिपायानं छताकडे.

"बरं," साहेब खुर्चीत टेकले. "चारांत एक नापास, तर किती टक्के?"

"पंचवीस. मीच ती."

"आणि पाचांत एक?"

पाचांचं बाईंनी काही शिकवलंच नव्हतं. ठकीनं डोळे मिटले. तिची बोटं हवेत न दिसणारे खडू वाटू लागली, मध्येच अडली, पुन्हा पहिल्यापासून वाटू लागली.

"वीस," ती म्हणाली. मग डोळे उघडून, "म्हणजे आणखी एक मुलगी वर्गात आली, तर काही न शिकताच आम्ही सुधारतो की."

शिपायाला खोकल्याची उबळ आली. साहेबांनी आणखी चार गणितं घातली, चारही बरोबर आली. मग मान खाली घालून त्यांनी लिहिलं: ‘दुर्बल, शून्य टक्के. वर्ग आहे तिथेच ठेवावा.’ वह्या परत न्यायला मात्र शिपाई काही केल्या तयार होईना.

मंगळवारी ठकी दारात उभी, मामेबहिणीचा हात धरून.

"बाई, ही आता आमच्याकडेच राहणार. हिचं नाव घाला."

"पाढे कुठवर येतात हिला?"

"दोनाचा येतो. अर्धा."

बाईंनी कपाळाला हात लावला.

"काळजी नका करू, बाई," ठकीनं समजूत घातली. "वीसच टक्के आहे ती. आणि वह्या पंचवीस आहेत."