कुट्टी मशीनवरचा आळ

मी एक जुनी कुट्टी मशीन आहे. कडब्याचे बारीक तुकडे करून द्यायचे, हे माझं काम. ज्या हातावर मी कधी ओरखडाही काढला नाही, तो हात कापल्याचा आळ मात्र सरकारी कागदात माझ्या माथी लिहिलेला आहे. मित्रांनो, माझी बाजू निदान तुम्ही तरी ऐका.

माझं चाक कुठे ओतलं गेलं, ते मला आठवत नाही. आठवतं ते मलकापूरच्या बाजारातलं दुकान. तिथून विमलबाईंच्या मालकांनी मला टेम्पोत घालून वरवट बकालला आणलं आणि विमलबाईंनी माझ्या चाकाला हळदीकुंकू लावलं. पुढे मालक वारले, लेक इरा लग्न होऊन मलकापूरला गेली आणि घरी आम्ही तिघी उरलो: विमलबाई, म्हैस आणि मी. शेजारणी म्हणायच्या, अशी एकसारखी कुट्टी दुसरी कुठली मशीन काढत नाही. मी आपली मनातल्या मनात फुगायचे.

गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. विहीर दिराच्या घराशी सामाईक आणि त्या दिवशी पाण्याची पाळी विमलबाईंची. ती आपल्याला हवी म्हणून पुतण्या विहंग गोठ्यात भांडायला आला. शब्दाने शब्द वाढला आणि त्याने विळा उगारला. डोकं वाचवायला विमलबाईंनी उजवा हात वर केला, तो विळ्याखाली आला. रक्त माझ्या पायाशी सांडलं. विहंगचा बाप मोतीराम धावत आला. भावजयीच्या हाताला दुपट्टा गुंडाळता गुंडाळता तो हळूच म्हणाला, "वहिनी, कुट्टीत हात गेला असंच सांगजा. पोराचा साखरपुडा आठ दिवसांवर हाय. इलाजाचं सारं मी पाहीन."

विमलबाईंनी मान हलवली. दवाखान्याच्या कागदावर तेच उतरलं.

तीन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं की सहा महिन्यांच्या आत अकोल्याला शस्त्रक्रिया केली तर बोटं उघडतील, नाहीतर हात असाच मिटलेला राहील. मोतीरामने टाके घालण्यापुरतं पाहिलं. साखरपुडा झाला, लग्नही थाटात लागलं. मग विमलबाईंनी त्याला शब्दाची आठवण करून दिली, तर तो गोठ्यात माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "कुट्टीनं कापलं, हे तुमीच सांगतलं ना, वहिनी?"

इराचं डोकं तापलं. आईला घेऊन ती पोलिसांत गेली, तोवर दोन महिने होऊन गेले होते. मारहाणीत जखमी झालेल्यांना सरकारकडून भरपाई मिळते, असं एका वकीलबाईंनी तिला सांगितलं. मायलेकींनी बुलढाण्याला जाऊन अर्ज दिला. शस्त्रक्रियेची सगळी आशा आता त्या अर्जावर होती. मग एक दिवस पोलीस जमादार चौकशीला आले आणि त्यांनी माझे फोटो काढले. इतक्या वर्षांच्या चाकरीत माझा पहिला फोटो निघाला, तोही आरोपी म्हणून. पात्याला बोट लावून ते म्हणाले, धार आहे. असणारच! मी रोज काम करते.

उत्तर येईपर्यंत उन्हाळा सरत आला. जखम मशीनने झाल्याची नोंद आहे, म्हणून अर्ज नामंजूर. इराने ते गोठ्यातच वाचून दाखवलं.

"आई, त्या दिवशी खरं काऊन नाई सांगतलं?"

"तो पोरगा माह्या मांडीवर वाढला, माय. मले वाटलं हाताचं काय, भरून येईन."

म्हैस हंबरत होती, म्हणून इरा कडबा कापायला उठली. उजव्या हाताने माझं चाक फिरवत होती, डाव्या हाताने पेंडी पुढे सारत होती. फिरवता फिरवता एकदम थांबली आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली.

"आई, हिच्यात गेला असता तर डावा हात गेला असता."

मित्रांनो, हे मी पहिल्या दिवसापासून जाणत होते. मला कोणी विचारलंच नाही.

इराने लगेच वकीलबाईंना फोन लावला. फेरअर्ज करता येईल, या मुद्द्यावर तो मान्यही होईल, असं त्या म्हणाल्या. शेजारी विमलबाई डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होत्या. सोडली की ती पुन्हा मिटत होती. डॉक्टरांनी दिलेले सहा महिने उलटून गेले होते.

मला तेल देत जा, पावसात उघड्यावर टाकू नका, असं काहीतरी मी तुमच्याकडे मागणार होते. आता ते राहू द्या. तुमच्या घरात कोणाच्या अंगावर हत्यार चाललं, तर ते कितीही जवळच्या माणसाने चालवलेलं असो, दवाखान्यात पहिल्याच दिवशी खरं सांगा. आणि खरं बोलणाऱ्या बाईच्या पाठीशी उभे राहा. विमलबाई आता डाव्या हाताने जेवतात, म्हणून कुणाच्या पंगतीला जात नाहीत.