जमातीची देग

"उठ रे सिराज. तुजा थाळ तिकडं, पंपाजवळ ठेवलाय," मुस्तफा म्हणाला.

शुक्रवारची नमाज नुकतीच आटपली होती. नव्या छपराखाली चार-चार गडी एकेका थाळाभोवती बसले होते, आणि नव्या तांब्याच्या देगीतून बिर्याणीची वाफ निघत होती. सिराज महबूबच्या थाळाला बसला होता. त्याने घासाला हात घातला होता, तो तसाच राहिला.

"का म्हणून उठल?" महबूबने विचारलं. "आता तर तुज्या खांद्याला खांदा लावून नमाज पडला त्यो."

"नमाज येगली, थाळ येगला. गावात पुळणीवरची मानसं आपल्या थाळाला बसतात काय?"

"हे गाव हाय काय? हितं भायेर बघ. वाळू हाय नुसती."

"जमात जितं, गाव तितं," मुस्तफा म्हणाला आणि त्याने मिशीवरून हात फिरवला.

कुवेतमधल्या वफ्र्याच्या त्या मळ्यावर चौदा गडी होते, चौदाही रत्नागिरीकडच्या एकाच खाडीकाठच्या गावचे. बारा जण वाडीतले, महबूब धरून तेरा. चौदावा सिराज. त्याचं घर पुळणीवर, आणि घराणं जाळी टाकणारं. सगळे अरबाच्या मळ्यात टोमॅटो आणि काकडी पिकवत, विहिरीचं मचूळ पाणी पाटाने फिरवत आणि पिण्याचं गोडं पाणी टँकरची वाट बघून पीत. सहा वर्षं ते नुसते गडी होते, तोवर बरं चाललं होतं. मग खोक्यांच्या फळ्या आणि जुने पत्रे जमवून त्यांनी नमाजेसाठी छप्पर उभं केलं. कुवेतच्या बाजारातून देग आणली. देग आली की जमात आली, आणि जमात आली की तिला सदर, म्हणजे प्रमुख, लागतो.

सदर झाला मुस्तफा. गावात या मुस्तफाला कोणी सरकून जागा देत नसे. तिथे लग्नकार्यात जमातीची देग चुलीवर चढायची तेव्हा खालची लाकडं फोडायची पाळी त्याच्या घराण्याकडे, आजोबापासून. ते काम वाईट नव्हे. पण इथे आल्यावर माणसाने स्वतःचे हात असे धुऊन टाकले होते, जणू कुऱ्हाड कधी बघितलीच नाही. खांद्यावर रुमाल टाकून चालायचा आणि खोकायचा तेसुद्धा लोक गप्प झाल्यावर.

सिराज उठला. त्याच्याबरोबर महबूबही उठला आणि पंपाजवळ जाऊन त्याच्याच थाळाला बसला.

मग काय, सदराला काम मिळालं. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजेनंतर जमात बसली आणि महबूबला बाहेर टाकून मोकळी झाली. सलाम बंद, बोलणं बंद, थाळ बंद.

पण टोमॅटोला जमात कळत नाही. पेटी दोघांनीच उचलावी लागते. एका कडेला महबूब आणि दुसऱ्या कडेला गफूर असला की गफूर पेटीकडे बघून म्हणायचा, "ए पेटे, जरा वर व्हय." महबूब उचलायचा. "आता खाली बस, पेटे." मोठी दाढीवाली माणसं पेटीशी बोलत होती आणि संध्याकाळी त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, मिळाल्यासारखी झोपत होती.

याचंही महबूबला हसू आलं असतं. पण मुस्तफाने पुढचा डाव काढला. त्याने यूसुफला, म्हणजे लिहितावाचता येणाऱ्या एकट्या गड्याला, समोर बसवलं आणि गावच्या जमातीला पत्र लिहायला घेतलं: वफ्र्याच्या जमातीने महबूबला बाहेर केलंय, तरी गावानेही त्याच्या घरी देग देऊ नये, काजीला पाठवू नये.

महबूबच्या मुलीचा, असमाचा, निकाह ठरला होता, ईदच्या चंद्राच्या सात तारखेला. देग नाही, काजी नाही, म्हणजे वरात दारातून परत. रबियाने, त्याच्या बायकोने, दोन वर्षं शोधून ते स्थळ मिळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी महबूब डोक्यावरची टोपी नीट करून छपराखाली गेला.

"मुस्तफाभाय, पोरीचा काय कसूर?"

"कसूर कबूल कर, पत्र फाडतो."

"काय बोलू?"

"सगल्यांसमोर बोल, सिराजचा हात लागला नि जेवण नासला. एवडाच."

महबूबने तोंड उघडलं. पाटाच्या कडेला सिराज हात धूत होता. गेल्या थंडीत ताप चढला तेव्हा याच हातांनी त्याने महबूबला नऊ दिवस पेज पाजली होती, आणि हे बारा भाऊबंद दारातून "कसा हाय?" विचारून पळाले होते.

"नासला नव्हता," महबूब म्हणाला. "चांगला झाला होता. मीठ जरा कमी."

पत्र गेलं.

रमजान गेला, ईद गेली. सात तारखेला महबूब दिवसभर काकडीच्या वेलांना काठ्या लावत राहिला. या वेळेला मांडवात माणसं बसली असतील, किंवा नसतील. असमा मेंदी लावून बसली असेल, किंवा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत असेल. विचारायचं कोणाला? त्याने एकाच वेलाला तीन काठ्या लावल्या तेव्हा सिराजने त्याच्या हातातली चौथी काढून घेतली.

मग तोज सुरू झाला. धुळीच्या वादळाला तिथे तोज म्हणतात. आभाळ तांबडं झालं, दुपारी दिवा लावावा लागला, आणि जमातीच्या छपराचे पत्रे एकामागून एक उडून शेजारच्या अरबाच्या खजुरीत जाऊन बसले. बारा जण रुमाल बांधून पत्रे वेचत हिंडले. मुस्तफाने दुप्पट खिळे ठोकले. आठ दिवसांनी दुसरा तोज आला आणि पत्रे खिळ्यांसकट नेले.

"ह्या वंगाळ मानसामुळं होतंय," मुस्तफा महबूबकडे न बघता म्हणाला.

"खिल्यामुळं होतंय," सिराज पंपावरून म्हणाला. "खिला ठोकला की पत्रा फाटतो. वारा धरायचा तर दोर हवा, नि दोराला जरा ढील हवी."

दुसऱ्यांदा पत्रे वेचून आणल्यावर सदरसाहेब पंपापर्यंत चालत आले. थेट बोलायचं तर जिभेला लाज, म्हणून यूसुफला म्हणाले, "यूसुफ, ह्याला सांग, जमातीचा काम हाय."

"सांगू नको, आयकला," सिराज म्हणाला.

त्याने गावाहून आणलेला गलबताचा जुना दोर काढला, पत्र्यांवर आडवातिडवा टाकला, चारी बाजूंना वाळूत खोल पुरलेल्या धोंड्यांना बांधला. गाठी अशा की ओढल्या तर आवळतात आणि हाताने सोडल्या तर सुटतात. पुढच्या तोजात छप्पर नुसतं कुरकुरलं. शुक्रवारी देग चढली. मुस्तफा त्या छपराखाली पहिल्या थाळाला बसला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "सिराजला मटणाचा तुकडा जास्त घाला. थाळ त्याचा पंपाजवळ न्या."

आणि बारा जणांतल्या एकानेही वर दोराकडे बघितलं नाही.

तेवढ्यात टँकरवाला टपाल देऊन गेला. गावच्या जमातीचा शिक्का असलेलं पाकीट बघून मुस्तफा फुलला. "मोठ्यानं वाच, यूसुफ. पंपापर्यंत आयकू जाऊ दे."

यूसुफने वाचलं. "'मुस्तफा यांस गावच्या जमातीचा सलाम. तुमचे पत्र पोचले. वफ्र्याची जमात म्हणजे कोण, हे येथे कोणास ठाऊक नाही. तुम्ही तेथे पोटासाठी गेला आहात, पोट भरावे.'" यूसुफ थांबला.

"पुढं वाच!" पंपाजवळून महबूब ओरडला. तो उभा राहिला होता, हाताला भात तसाच.

"'महबूब यांच्या असमाचा निकाह सात तारखेस झाला. देग दिली. सारा गाव जेवला. पुळणीवरच्यांनी मासळी दिली, ते आपले आपण वाळूत बसून जेवले. एक तक्रार आहे. लाकडे फोडण्यास तुमच्या घरून कोणी आले नाही. पाळी तुमची असता असे का झाले, हे कळवावे.'"

मग गफूरला हसू फुटलं, ते त्याने भाताच्या घासात कोंबलं, आणि घास नाकातून आला.

महबूब मटकन खाली बसला होता. सिराजने त्याला पाण्याचा तांब्या दिला. यूसुफने पत्राची घडी केली, आपल्या थाळावरून उठला आणि पंपाजवळ येऊन बसला.

"सलाम, महबूबभाय. पोरीचा भला होवो."

"सलाम. सरक जरा, सिराजला जागा दे."

मागून गफूर आला. "ए पेटे," तो महबूबला म्हणाला, "जरा पलीकडं व्हय." मग आणखी तिघे आले. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले, वारा कुठून येतो ते हेरत. त्यांची जात तेवढीच.

मुस्तफा चौघांच्या थाळाला एकटा उरला. पोट भरलं होतं, पण उठला तर पंपाच्या बाजूने जावं लागलं असतं, म्हणून तो खातच राहिला.

पुढच्या शुक्रवारी देगीजवळ लाकडांचा ढीग पडला होता, आणि ढिगाला टेकून कुऱ्हाड उभी होती. ती कोणी ठेवली, ते कोणी कबूल केलं नाही. मुस्तफाने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. चूल थंड, चौदा पोटं रिकामी. शेवटी त्याने खांद्यावरचा रुमाल काढून सिराजच्या दोरावर टाकला आणि पहिला घाव घातला.

"बारीक फोडा, सदर," महबूब म्हणाला. "देग मोठी हाय."