अर्धा फेरा

ते पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि सायकल-मिस्त्रीनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र कुठं आहे हे मात्र त्याला झोपेतही सांगता आलं असतं. दुकानातल्या तिसऱ्या खणात, स्पोकच्या डब्याखाली. तेव्हापासून त्यानं त्या डब्याला हात लावला नव्हता. स्पोक लागले की नवे मागवायचा.

पत्र मास्तरांच्या बायकोचं होतं. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि सुटीच्या दिवशी सकाळी शर्यतीच्या सायकलवरून डोंगराचा रस्ता चढायला जायचे. अशाच एका सकाळी चढावर त्यांच्या गिअरची केबल तुटली. केबल तुटली की साखळी मागच्या सगळ्यात लहान चक्रावर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर जाऊन पडते. पेडल दगडासारखं झालं, बूट पेडलांत अडकलेले, सायकल जागीच आडवी झाली. मागून ट्रक येत होता.

पत्रात बाईंनी कुणालाच बोल लावला नव्हता. ‘आदल्या संध्याकाळी त्यांनी लेकीला गिअर जरा आवळायला सांगितला. तिनं एक फेरा आवळला. आता ती म्हणते, माझ्याच हातानं केबल तुटली. शाळेत जात नाही, धड जेवत नाही. तुम्ही जाणकार आहात. एक फेरा आवळल्यानं केबल तुटते का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.’

नाही. एका शब्दाचं काम होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न दारात उभा, मग कशानं? आणि ते मिस्त्रीला चांगलं माहीत होतं. त्या महिन्यात मास्तर दोनदा दुकानात आले होते. गिअर उशिरा पकडतोय, म्हणाले होते. दोन्ही वेळा त्यानं मागच्या चाकाजवळचा अ‍ॅडजस्टर, म्हणजे केबल ताणायचा स्क्रू, अर्धा फेरा फिरवला, गिअर टकाटक पडायला लागले, मास्तर खूश होऊन गेले.

केबल पुन्हापुन्हा सैल पडते ती उगाच नाही. हँडलवरच्या गिअरच्या लिव्हरच्या पोटात ती दर वेळी एकाच जागी वाकते आणि तिथं तिची एकेक बारीक तार तुटत जाते. लिव्हरवरचं रबर मागं सारून बघायला दोन मिनिटं लागतात. पण बघितलं आणि तारा तुटलेल्या निघाल्या, तर हँडलची पट्टी सोडा, केबल बदला, पट्टी पुन्हा गुंडाळा, असं तासाभराचं लचांड मागं लागतं. कामाची गर्दी असली की मिस्त्री आधी अ‍ॅडजस्टरच फिरवून बघतो. तेवढ्यानं भागलं, तर रबराला कोण हात लावतो? मास्तर वारल्यावर तर त्यानं एकाही लिव्हरचं रबर मागं सारलं नव्हतं. आत काय दिसेल याची त्याला धास्ती वाटायची.

मंगळवारी दुपारी नर्सबाई सायकल घेऊन आल्या.

“मिस्त्री, गिअर परत आळसावलाय. मागच्या महिन्यासारखा जरा आवळून द्या. ड्यूटी आहे.”

त्याचा हात सवयीनं मागच्या चाकाकडे गेला आणि तिथंच थांबला. मागच्या महिन्यात त्यानंच आवळलं होतं. तो उठून हँडलपाशी आला. रबर मागं सारलं, टॉर्च लावला. आत केबल जुन्या ब्रशसारखी पिंजारली होती. एकोणीस तारांतल्या तीन धड होत्या.

“आज बसनं जा,” तो म्हणाला.

“एवढ्याशासाठी? उशीर होईल हो मला. पुलाचा चढ संपला की पोचलेच.”

“बाई, बसनं जा.”

नर्सबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. हेल्मेट तिथंच ठेवून निघून गेल्या.

वरच्या मजल्यावरून त्याची थोरली बहीण चहा घेऊन खाली आली, तेव्हा तो तिसरा खण उघडून पत्र हातात धरून बसला होता.

“कुणाचं रे? या वयात प्रेमपत्र आलं असेल तर आधी चष्मा पूस.”

त्यानं पत्र तिच्याकडे दिलं. तिनं ते उभ्यानंच वाचलं. मग तारीख वाचली आणि स्टूल ओढून बसली. त्यानं तिला मास्तरांच्या दोन खेपा सांगितल्या, अर्धा-अर्धा फेरा सांगितला.

“उत्तर काय दिलंस?”

“दिलं नाही, ताई. आता लिहीन म्हणतो. नाही एवढंच. त्यांनी तेवढंच विचारलंय.”

“आणि पोरीनं विचारलं, मग कशानं?”

त्यानं उघडा खण ढकलून बंद केला.

“तुला वाटतंय तू उत्तर दिलं नाहीस,” ताई म्हणाली. “अरे, ती रोज पोस्टमनची वाट बघत असेल. नुसतं नाही लिहायला कुणी अकरा महिने लावतं का? तिनं तुझं गप्प बसणं हो म्हणूनच धरलं असेल.”

चहावर साय धरली. ताई जिन्यापाशी जाऊन थांबली.

“हे बाहेर कळलं की दुकानात कुणी पाऊल टाकणार नाही, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“तरी लिही. आणि धड अक्षरात लिही. तुझ्या पावत्या तुला तरी वाचता येतात का?”

त्यानं चार कागद फाडले. उशीर झाल्याबद्दल माफी मागणारं वाक्य दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. बस चुकली म्हणून उशीर झाला, असं सांगितल्यासारखं वाटत होतं ते. पाचव्या कागदावर उतरलं ते असं:

‘नाही. अ‍ॅडजस्टर संपेपर्यंत आवळला तरी धड केबल तुटत नाही. तुमच्या लेकीनं हात लावला तेव्हा केबल आतून तुटत आली होती. मास्तर त्या महिन्यात दोनदा माझ्याकडे आले. दोन्ही वेळा मी आत न बघता आवळून त्यांना पाठवलं. दोन मिनिटांत दिसलं असतं. लेकीला ते माहीत असणं शक्य नव्हतं. मला माहीत होतं. सोबत तशाच एका केबलचा तुकडा आहे, तो तिला दाखवा. हे पत्र तुम्ही हवं त्याला दाखवा.’

खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला. नर्सबाईंच्या केबलचं पिंजारलेलं टोक कापून घेतलं. तारा पाकिटातून टोचत होत्या, म्हणून हँडलच्या पट्टीचा तुकडा त्यावर गुंडाळला.

पत्ता अकरा महिन्यांपूर्वीचा होता. ती माणसं अजून तिथं राहतात का, मुलगी कशी आहे, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या पेटीशी तो थोडा वेळ उभा राहिला. मग पाकीट आत सोडलं. पेटी रिकामी असावी. केबलचा तुकडा तळाच्या पत्र्यावर वाजलेला त्याला ऐकू आला.